४८ तासांचा धक्का आणि तीन आठवड्यांची होडी: तक्रार करावी का?

कालवेकरीण:

नमस्कार मंडळी. आमचं घर पाण्यावर आहे, त्यामुळे माझा प्रश्नही थोडा वेगळा आहे. मी आणि नवरा गेली चार वर्षं इंग्लंडच्या नैऋत्येला, केनेट-एव्हन कालव्यावर नॅरोबोटीत राहतो. होडी ५७ फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद. आगगाडीचा डबा आणखी अरुंद करा आणि त्यात स्वयंपाकघर, कोळशाची शेगडी, पलंग, न्हाणीघर असं सगळं ओळीनं बसवा, तसं आमचं घर. कायमची जागा भाड्यानं घेतलेली नाही, म्हणून कालव्यानं पुढे पुढे सरकत राहायचं. साध्या काठावर जास्तीत जास्त १४ दिवस मुक्काम. गाव, स्टेशन जवळ असेल तिथले धक्के मात्र थोड्या मुक्कामाचे असतात. कुठे २४ तास, कुठे ४८, कुठे ७ दिवस, तसा फलकच असतो.

गेल्या शनिवारची गोष्ट. नवऱ्याला सकाळपासून ताप, १०२. पाण्याची टाकी तळाला आलेली. बाथकडून निघालो, डंडसचा दगडी जलसेतू ओलांडला, एव्हनक्लिफचा ओलांडला. दिवसभर सुकाणूचा दांडा मीच धरला होता. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनजवळ ४८ तासांच्या धक्क्याला लागू, सकाळी लॉकपाशी जाऊन पाणी भरू, दुकानातून औषध आणू, असा हिशोब. (लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला कालव्याचा तुकडा, आत पाणी भरून किंवा सोडून होडी वर-खाली नेतात.) पोचलो तर धक्का भरलेला. मधोमध एक हिरवी होडी. हीच होडी मी तीन आठवड्यांपूर्वी बाथकडे जाताना याच कडीला बांधलेली पाहिली होती. पडदे ओढलेले, छपरावर कोळशाची पोती आणि दोन सायकली. मी अगदी जवळून गेले. दोर आणि लोखंडी कडी यांच्यामध्ये कोळ्यानं जाळं विणलं होतं.

शेवटी अंधारात पुढे जाऊन काटेरी झुडपांत होडी लावली. खुंटी ठोकताना खाली दगड लागला, ती अर्धीच आत गेली. रात्रभर कोणी शेजारून गेलं की होडी हलायची आणि मी विजेरी घेऊन खुंटी बघायला बाहेर.

प्रश्न असा: त्या होडीचा नंबर कळवावा का? नवरा म्हणतो नको, कालवा म्हणजे एक लांबलचक वाडा आहे, चुगली करणारी होडी असं नाव पडेल. माझं म्हणणं, नियम आहे तो सगळ्यांना आहे. तुम्हाला काय वाटतं?

सह्यवेडा:

आधी नवऱ्याची तब्येत कशी आहे ते सांगा.

आणि एक अडाणी प्रश्न. ४८ तास झाले हे कळतं कोणाला? काठावर कोणी पहारेकरी असतो का?

कालवेकरीण:

ताप उतरला, धन्यवाद. आता पेज खाऊन बसलाय.

पहारेकरी नसतो. इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक कालव्यांची देखभाल कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था करते, २०१२ पासून, त्याआधी ब्रिटिश वॉटरवेज हे सरकारी मंडळ होतं. प्रत्येक होडीला एक क्रमांक असतो, तो दोन्ही बाजूंना दिसेल असा लावावा लागतो. संस्थेची माणसं काठच्या पायवाटेनं चालत किंवा सायकलवर फिरतात आणि कुठली होडी कुठे दिसली ते टिपून घेतात. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर आधी आठवण करून देणारा निरोप येतो. थोड्या मुक्कामाच्या कित्येक फलकांवर जादा राहिल्यास दिवसाला २५ पौंड असंही लिहिलेलं असतं. वारंवार झालं तर प्रकरण परवान्यापर्यंत जातं.

डोंबिवलीकर_७२:

यात विचार करण्यासारखं काय आहे? आमच्या सोसायटीत पाहुण्यांसाठी पार्किंगच्या दोन जागा आहेत. एका सभासदानं स्वतःची दुसरी गाडी तिथे आठ महिने ठेवली. सगळे गप्प, संबंध बिघडतील म्हणून. मग एका रात्री खालच्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायला रुग्णवाहिका आली आणि तिला आत वळायला जागा नव्हती. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. सार्वजनिक जागा अडवणाऱ्याबद्दल गप्प बसणं म्हणजे पुढच्या माणसाची गैरसोय आपण मान्य करणं. ताई, तुम्ही आजारी माणूस घेऊन अंधारात पुढे गेलात. कळवा.

मालवणी_होडी:

एक बारकी गोष्ट सांगतंय. कोळी एका रात्रीत जाळा विणता. आमच्या बंदरात सकाळी सुटलेली होडी दुसऱ्या दिवशी पहाटे बघा, वल्ह्यापासून दोरापर्यंत जाळा. त्येच्यावरून तीन आठवडे धरू नका.

गोदातीर:

मुक्काम हा शब्द वाचून माझे आजोबा आठवले. आमच्या शेतात दर वर्षी धनगरांचा वाडा उतरायचा. शेतात मेंढरं बसवायची म्हणजे लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. किती रात्री बसायचं ते आधी तोंडी ठरायचं. तीन म्हणजे तीन, कारण चौथ्या रात्री शेजारच्या शेतात जायचं ठरलेलं असायचं आणि तो शेजारी वाट बघत असायचा. एका वर्षी त्यांच्यातली एक बाई बाळंत झाली. वाडा आठ दिवस थांबला. आजोबांनी स्वतः शेजारच्याला जाऊन सांगितलं, शेजारच्यानं बाळंतिणीसाठी तूप पाठवलं. तिथे फलक नव्हता, क्रमांक नव्हता, पण पुढचा कोण आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तुमच्या कालव्यावर पुढची होडी कोणाची हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हा फलक लागणारच.

टिंब_टिंब:

आषाढी वारीतली पालखी बरी. मुक्काम आधीच छापून येतो, आणि फलटणला पालखी तीन आठवडे राहिली असं कधी झालं नाही.

सडेतोड:

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. कायमच्या जागेचं भाडं भरायचं नाही, घरभाडं नाही, आणि वर गावाच्या मध्यावर धक्का हवा. होडी घेताना १४ दिवसांची अट माहीत होती ना? मग ज्यांना ती पाळता येत नाही त्यांनी जागा भाड्यानं घ्यावी. सरकत राहणं जमत नसेल तर ते आयुष्य आपल्यासाठी नाही. हिरव्या होडीलाही हेच लागू आणि इथे नियमांतून सूट मागायला येणाऱ्यांनाही.

शुभदा_लंडन:

सडेतोड, मी सहा वर्षं होडीवर काढली आहेत, रीजंट्स कॅनॉल आणि ली नदी या पट्ट्यात, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

फुकट काहीच नाही. परवाना दर वर्षी, विमा, दर चार वर्षांनी होडीच्या सुरक्षिततेची तपासणी, दोन-तीन वर्षांनी होडी पाण्याबाहेर काढून तळाला काळा रंग. एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या होड्यांना परवान्यावर अधिभारही लागतो, तो टप्प्याटप्प्यानं २०२८ पर्यंत २५ टक्क्यांवर जायचा आहे. पाणी भरायला जा, कॅसेट म्हणजे संडासाची सुटी टाकी उचलून ठरावीक ठिकाणी रिकामी करायला जा, गॅसचं सिलिंडर आण. मी नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी आठला यायचे आणि चौदावा दिवस असेल तर झोपायच्या आधी होडी हलवायची. चार तास, दोन लॉकं, मग झोप.

आता माझी चूक सांगते, कारण कालवेकरीणला ती कामाची आहे. व्हिक्टोरिया पार्कजवळ ७ दिवसांच्या जागेवर असताना माझा गिअरबॉक्स गेला. एका कारखान्यानं सांगितलं, गुरुवारी येतो. असे तीन गुरुवार गेले. मी कोणालाच कळवलं नाही. वाटलं, दुरुस्ती झाली की निघू, कशाला उगाच नजरेत या. पंधराव्या दिवशी आठवणीचा निरोप आला आणि पोटात गोळा. धीर करून फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, मेकॅनिकचा निरोप आहे का, बिघाडाचा फोटो आहे का? दोन्ही पाठवले. दुरुस्तीपर्यंत मुदत मिळाली. पंधरा दिवस मी उगीच चोरासारखी पडदे लावून बसले होते, आणि त्या पंधरा दिवसांत माझ्यामुळे किती होड्या पुढे गेल्या असतील त्याचा तर मी विचारही केला नव्हता.

तेव्हा ओढलेले पडदे बघून लगेच मग्रुरी समजू नका. पण जाऊन दार वाजवा. आत कोणी आहे का, बरं आहे ना, एवढं विचारा. तक्रार नंतरही करता येते.

डोंबिवलीकर_७२:

शुभदाताई, तुमचा गिअरबॉक्स खरा होता. पण प्रत्येकाच्या दारावर थाप मारून कारण विचारत बसायचं काम दमून आलेल्या माणसाचं का?

शुभदा_लंडन:

काम नाही त्याचं. पण शेजार आहे ना. उद्या तिची खुंटी उपटली तर मध्यरात्री दोर धरायला तोच हिरव्या होडीवाला येणार आहे.

कायदेवाचक:

नेमकं कलम सांगतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. १९९५ चा ब्रिटिश वॉटरवेज कायदा, कलम १७. ज्या होडीला कायमची जागा नाही तिचा मालक परवान्याच्या पूर्ण काळात होडी खरोखर प्रवासासाठी वापरेल, आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त, किंवा परिस्थितीनुसार वाजवी असेल तितक्या जादा काळापेक्षा जास्त, राहणार नाही, अशी खात्री पटली पाहिजे. यातले ‘परिस्थितीनुसार वाजवी’ हे शब्द म्हणजेच शुभदाताईंचा गिअरबॉक्स. आजारपण, बर्फानं गोठलेला कालवा, पूर, बंद पडलेलं लॉक, सगळं त्यात येतं. २०२५ च्या उन्हाळ्यात पाणी आटल्यामुळे उत्तरेकडचे काही कालवे बंद ठेवावे लागले होते, तिथे अडकलेल्या होड्यांनी हलायचं तरी कुठे?

किती अंतर जायचं हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. संस्थेनं सांगितलेला अंदाज असा, की वर्षभरात ज्याचा पल्ला, म्हणजे फिरण्याच्या दोन टोकांमधलं अंतर, १५-२० मैलांपेक्षा कमी आहे त्याला खरा प्रवास दाखवणं अवघड जाईल. तुमच्याच कालव्यावरचं एक प्रकरण २०११ मध्ये ब्रिस्टॉलच्या कौंटी कोर्टात गेलं होतं. बाथ ते ब्रॅडफर्ड या दहाएक मैलांच्या पट्ट्यात नुसती ये-जा करणं म्हणजे प्रवास नव्हे, असा निकाल लागला. म्हणजे दर १४ दिवसांनी हललं की झालं, असंही नाही.

आणि कालवेकरीण, एक नम्र सूचना. कायद्यातला शब्द ‘सलग’ असा आहे. तुम्ही ती होडी दोनदा पाहिली. मधल्या तीन आठवड्यांत ती तिथेच होती हे तुम्ही पाहिलेलं नाही.

कालवेकरीण:

हं. हे मात्र खरं. कोळी आणि वकील दोघांनीही मला आज पकडलं.

सडेतोड:

अधिभाराचं माहीत नव्हतं, शुभदाताई. माहितीबद्दल आभार. मत थोडं सैल करतो, पण पूर्ण नाही. ४८ तासांच्या जागेवर १४ दिवसांचं कलम दाखवून बसता येणार नाही.

अनघा_पाण्यावरून:

आमची होडी याच कालव्यावर आहे आणि मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणून राहवत नाही. शाळा एका जागी आणि घर चालतं! शाळेच्या काळात आम्ही पट्ट्याच्या मधोमध आलो की सगळं सोपं, टोकाला गेलो की सकाळी पावणेसातला निघायचं. कधी सायकलवरून काठाकाठानं, कधी रेल्वेनं. एव्हनक्लिफचं स्टेशन इतकं छोटं आहे की गाडी हात दाखवून थांबवावी लागते. मुलीला मी सांगितलंय, आपल्याकडे एस.टी.ला असाच हात दाखवतात. तिला ते काम फार आवडतं, फलाटाच्या कडेपासून लांब उभी राहून हात उंच धरते.

पण सुट्टी लागली की आम्ही लांब जातो. डिव्हायझेसची चढण चढून पलीकडे प्यूझीपर्यंत. पल्ला भरायला हवा म्हणून आधी जायचो, आता तिला तिकडचे बगळे बघायचे असतात म्हणून जातो. शाळेचं कारण देऊन एका जागी ठाण मांडणारी कुटुंबंही मला माहीत आहेत, त्यांचं दुःखही कळतं. तरी ४८ तासांची जागा आम्ही कधीच अडवत नाही. ती बाजारहाट करणाऱ्याची, आजारी माणसाची, पाहुण्याची. आपण तिथे दोन रात्री राहायचं आणि कडी मोकळी करायची.

भटकंती_पुणे:

पाहुणे म्हणजे आम्हीच! दोन वर्षांपूर्वी आठवडाभर याच कालव्यावर भाड्याची होडी घेतली होती, आईबाबांसकट पाच जण. ताशी ४ मैल हा वेग बाबांना इतका मानवला की परत आल्यावर ते घाटात गाडी हळू चालवायला लागले. केन हिलच्या पायथ्यापासून डिव्हायझेसपर्यंत २९ लॉकं, त्यातली १६ एका सरळ रेषेत डोंगरावर चढत जाणारी. सकाळी सुरू केलं ते दुपार उलटून गेली. आई लॉकच्या दांड्यावर पाठ टेकून ढकलायची आणि म्हणायची, जातं ओढल्यासारखं आहे.

त्या रात्री आम्हाला थोड्या मुक्कामाची जागा मिळाली आणि ती मोकळी असण्यामागे कोणीतरी वेळेवर निघून गेलं होतं हे मला आज हा धागा वाचून कळलं. तेव्हा वाटलं होतं, जागा असतेच.

चिंगी०९:

अवांतर प्रश्न, धागाकर्तीनं माफ करावं. पत्र कुठे येतात? डॉक्टर कुठला? आणि गणपती बसवता का?

कालवेकरीण:

अवांतर कसलं, हेच तर सगळे विचारतात.

पत्रं नवऱ्याच्या मावसबहिणीकडे. डॉक्टरकडे नाव नोंदवायला इथे पत्त्याचा पुरावा लागतच नाही. पहिल्यांदा खिडकीवरच्या मुलीला माहीत नव्हतं, मी तिला शांतपणे नियम दाखवला आणि काम झालं. बँकेचा किस्सा मात्र लांब आहे, तो पुन्हा कधीतरी.

गणपती बसवतो! शाडूची वीतभर मूर्ती, पुढच्या खिडकीखालच्या फळीवर. दीड दिवसाचा. प्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती हलवायची नाही, म्हणजे होडीही हलवायची नाही, म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी जागा धरावी लागते. विसर्जन कालव्यात करत नाही. बादलीत, आणि ती माती छपरावरच्या कुंड्यांत. यंदा त्याच मातीत कोथिंबीर लावली आहे. उकडीचे मोदक करताना खिडक्या अशा धुरकटतात की बाहेरून चालणारे लोक थांबून बघतात.

टिंब_टिंब:

म्हणजे ४८ तासांच्या धक्क्यावर दीड दिवसाचा गणपती नेमका बसतो. वर बारा तास आवराआवरीला.

चिंगी०९:

आणि दहा दिवसांचा बसवायचा तर १४ दिवसांचा काठ बघायचा. नियम करणारा कोकणातला असावा.

मालवणी_होडी:

कोकणात पाच दिवसांचो, सात दिवसांचो, एकवीस दिवसांचोपण असता. एकवीस दिवसांसाठी वकीलसाहेबांका विचारा, वाजवी कारण होता काय.

कायदेवाचक:

मी तरी बाप्पाच्या बाजूनं वकीलपत्र घेईन.

नेदरलँड्सचा_पक्या:

इथे ॲमस्टरडॅममध्ये अडीच हजारांच्या आसपास घरहोड्या आहेत, पण तुमचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक होडीची जागा ठरलेली, जागेची परवानगी वेगळी, पत्ता, पत्रपेटी, वीज, पाणी, सांडपाण्याची नळी सगळं जोडलेलं. कित्येक होड्यांना तर इंजिनच नाही. नवीन जागा जवळपास निघतच नाहीत, त्यामुळे होडीपेक्षा जागेची किंमत जास्त. माझा शेजारी तीस वर्षं एकाच पुलाखाली आहे. सुखाचं आहे, पण तुमच्यासारखं सकाळी उठून निघालो असं त्याला करता येत नाही. त्यानं एकदा मला सांगितलं की त्याच्या होडीच्या तळाखाली पाणी आहे हे तो विसरून जातो.

गोदातीर:

पक्या, हे वाक्य मनात राहिलं.

अनघा_पाण्यावरून:

लंडनमध्ये आता काही जागा आधी नोंदवून, पैसे भरून घ्याव्या लागतात ना? पॅडिंग्टन, लिटल व्हेनिसकडे?

शुभदा_लंडन:

हो, काही ठिकाणी. त्याचं मला बरं-वाईट दोन्ही वाटतं. आजारी आईला मुंबईहून आणलं तेव्हा अमुक तारखेला जागा नक्की मिळेल ही खात्री फार मोलाची होती. पण पैसे मोजले की जागा मिळते हे एकदा रुजलं की ज्याच्याकडे नाहीत तो शहराबाहेर ढकलला जातो. माझ्या ओळखीचे दोन जण असेच सरकत सरकत पार स्टोर्ट नदीकडे गेले आणि रोज कामाला दीड तास प्रवास करतात. थोड्या मुक्कामाच्या जागा लोकांनी आपणहून मोकळ्या ठेवल्या, तर पैसे आकारायची वेळ कमी येईल असं मला मनापासून वाटतं. जादा राहणाऱ्यांमुळे प्रत्येक वेळी नियम आणखी कडक होतात आणि ते सोसतात नियम पाळणारे.

लंडनमध्ये आणखी एक रीत आहे. जागा नसेल तर बांधलेल्या होडीला बाहेरून दुसरी होडी लावायची, जिथे कालवा रुंद आहे आणि फलकाची मनाई नाही तिथे. आपल्या पुढच्या भागातून शेजारी काठावर येजा करतो. अशीच माझ्या होडीला एक आजी लागली होती, चार दिवस. जाताना तिनं मला पितळी घंटा दिली. कालवेकरीण, तुमच्या पट्ट्यात असं चालतं का?

कालवेकरीण:

काही ठिकाणी चालतं. पण अंधारात, पडदे ओढलेल्या अनोळखी होडीला जाऊन लागायचं धाडस झालं नाही. आता वाटतं, हाक मारायला हवी होती.

सह्यवेडा:

तीन दिवस झाले, धागाकर्ती गायब. होडी हलली वाटतं.

कालवेकरीण:

आले आले. मोबाईलला रेंज नव्हती आणि ढगांमुळे छपरावरच्या सौरपट्ट्यांतून वीजही बेताचीच.

शुभदाचं ऐकलं. मंगळवारी चालत मागे गेले, मैलभर अंतर. हिरव्या होडीवर टकटक केली. कोणी नाही. शेजारच्या होडीतल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तो? तो शुक्रवारी आला. मी म्हटलं, मी तर त्याला तीन आठवड्यांपूर्वीही इथेच पाहिलं. त्या म्हणाल्या, तेव्हाही असेल, पण मधे तो सींडपर्यंत जाऊन आला, सेमिंग्टनला मीच त्याच्यासोबत लॉकं चढले. तीच कडी, कारण तिच्यासमोरची फरशी सपाट आहे आणि त्याला सायकली उतरवायला बरं पडतं.

म्हणजे शनिवारी रात्री मी त्याला मनातल्या मनात शिव्या देत होते तेव्हा त्याला येऊन एकच दिवस झाला होता. तेव्हा त्याचा तिथे हक्कच होता. मी रविवारी सकाळी नंबर कळवला असता तर धडधडीत चुकीचा कळवला असता. या धाग्यावर तीन आठवडे असं ठामपणे लिहिलं, त्याबद्दल माफी. शीर्षक बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं.

पण गोष्ट तिथेच संपली नाही. मी गेले तो दिवस मंगळवार. शुक्रवारी दुपारी आलेला माणूस रविवारी दुपारी निघायला हवा होता. बोलत होतो तेवढ्यात तो आला, खांद्यावर किराण्याची पिशवी. चाळिशीचा, सुतारकाम करतो. मी सरळ सांगितलं, की शनिवारी आम्हाला जागा मिळाली नाही, नवरा आजारी होता, आणि आता तुमचेही दोन दिवस वर झालेत. तो थोडा ओशाळला. म्हणाला, कोळसा आणि गॅस विकणारी होडी बुधवारी इथे येते, तिची वाट बघतोय, सिलिंडर काल संपलं. मी म्हटलं, ती होडी आमच्याही इथून जाणार आहे, पुढे साध्या काठावर या, आमच्या मागे जागा आहे, तिथे १४ दिवस चालतं. तोवर चहा आमच्याकडे.

तासाभरात आला. येताना मला म्हणाला, तुझी खुंटी वाकडी आहे, आणि दगड चुकवून दुसऱ्या कोनात ठोकून दिली. रात्री आमच्याकडे मुगाची खिचडी खाल्ली. बुधवारी इंधनाची होडी आली, त्यानं सिलिंडर घेतलं, आम्ही कोळशाची चार पोती.

डोंबिवलीकर_७२:

खिचडी छान, पण माझा मुद्दा उभाच आहे. दोन दिवस जास्त राहिलाच की तो. आणि तुम्ही गेला नसतात तर बुधवारपर्यंत राहिला असता.

कालवेकरीण:

काका, अगदी बरोबर, आणि हे मी त्यालाही म्हटलं. ज्या दोन दिवसांत तो जादा होता त्यात कोणीतरी दुसरी कालवेकरीण अंधारात पुढे गेली असेल. सिलिंडर संपणं हे शुभदाच्या गिअरबॉक्ससारखं कारण नाही, होडी चालत होती. म्हणून नियमाबद्दलचं माझं मत तेच आहे. बदललं ते एवढंच, की एखादी होडी जादा राहिली असं म्हणायच्या आधी मी क्रमांक आणि तारीख वहीत लिहीन, आणि आधी दार वाजवीन. दार वाजवूनही कोणी महिनाभर हलत नसेल तर कळवेन, नाव पडलं तर पडू दे. नवऱ्यालाही हे पटलंय.

अनघा_पाण्यावरून:

हिवाळ्याचं विसरू नका. बऱ्याच जागी नोव्हेंबरपासून थोड्या मुक्कामाची मुदत वाढून १४ दिवस होते, काही ठिकाणी नाही. फलकाखालची बारीक अक्षरं वाचायची. गेल्या वर्षी आमच्याच ओळखीत एकानं न वाचता महिना धरला होता.

सडेतोड:

हा धागा वाचून बायकोला विचारलं, आपण होडीवर राहू शकू का. ती म्हणाली, तू सोसायटीच्या मीटिंगला दोन तास बसू शकत नाहीस, चार मैलांच्या वेगानं कुठे जाणार. तरी पुढच्या उन्हाळ्यात आठवडाभर भाड्यानं घ्यायचा विचार आहे. भटकंती, तपशील व्यनि (खासगी निरोप) करा.

भटकंती_पुणे:

केला. लॉकसाठी जाडे हातमोजे न्या.

चिंगी०९:

कालवेकरीण, हिरव्या होडीची ती कडी आता कोणाकडे आहे?

कालवेकरीण:

गुरुवारी आम्ही पाणी भरायला लॉकपाशी गेलो तेव्हा बघून घेतलं. एक जोडपं, लाल होडी, बाळ सहा महिन्यांचं. दोरीवर लंगोट वाळत होते. म्हणाले, शनिवारी सकाळी निघणार. नळाखाली आमची टाकी भरायला तास लागला, तेवढ्या वेळात बाळाला आमच्या घंटीनं खेळवलं.

आता आम्ही हिल्पर्टनच्या पुढे आहोत. उद्या सेमिंग्टनची दोन लॉकं, मग सींडची पाच. सुताराची हिरवी होडी बरोबर आहे, रुंद लॉकात दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात, पाणीही निम्मं लागतं.